मुक्ता हेच नाव

प्रिय सुमे,

तब्येत बरी, गुडघे दुखतात, ते असो. नात झाल्याचं फोनवर कळलंच तुला. पण बारशाआधी घरात जे चाललंय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? लेकीला नाव ठेवायचंय मुक्ता. विहीणबाई अडून बसल्यात, ‘अल्पायुषी नाव नको.’

मुक्ताबाई अठराव्या वर्षाच्या सुमारास तापीकाठी मेहूणला गेली, खरंय. पण त्याआधी रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांची समजूत या धाकट्या बहिणीनं काढली, चांगदेवांसारख्या योग्यानं तिला गुरू मानलं. तिला अभागी म्हणतात, सुमे! जेवणच जाईना मला त्या दिवशी.

वर म्हणे, मुक्ता म्हणजे संसारातून सुटलेली, पोरीचं लग्न कसं होणार? आणि मला आपलं भांडण आठवलं. तू ‘मोती’ म्हणून हटून बसलेली, मी ‘सुटलेली’ म्हणून, आणि मग तुझा तो अबोला! मुच् म्हणजे सोडणं, त्यावरून मुक्त. शिंपल्यातून सुटतो म्हणून मोतीही मुक्ता, असं जुने पंडित सांगत. मौक्तिकावरून आपला मोती. पण तमिळमध्ये मोत्याला मुत्तु म्हणतात, आणि संस्कृत शब्द तिकडूनच आला असावा असं काही भाषाभ्यासक मानतात. म्हणजे तुझा मोती आधीचा! हस पोटभर. मी मात्र माझा अर्थ सोडायची नाही.

मुक्ता साळवेचंही सांगितलं मी त्यांना. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुलगी, १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते, आमचा धर्म कोणता असं देवालाच विचारते. विहीणबाई गप्प ऐकत होत्या. नंतर म्हणाल्या, ‘शर्वरी कसं वाटतं?’

आपल्या मुक्ताबद्दल मात्र मी अवाक्षर काढलं नाही. लेकीलाही ठाऊक नाही, हे नाव लहानपणापासून तिच्या कानावर मी का घालत आले ते. परवा ती बाळाला सहज ‘मुक्ते’ म्हणाली आणि मला स्वयंपाकघरात जावं लागलं. तिला आता सांगावं का गं? की नावाला आपल्या दुःखाचं ओझं नको? तूच सांग, तू सांगशील तसं करीन.

तुझ्या धाकट्याच्या नोकरीचं काय झालं? डोळ्याचं ऑपरेशन लांबवू नकोस. बारशाला नक्की ये, कानात नाव तूच सांगायचंस. गाडीची वेळ कळव, जावई घ्यायला येतील.

तुझीच,
शमा