तापाच्या औषधाचं माप: आरोग्यमंत्र्यांना एका औषधविक्रेत्याचं खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावी माझं औषधाचं दुकान आहे. पावसाळा सुरू झाला की काउंटरवर एकच मागणी असते, "पोराला ताप आलाय, तापाचं औषध द्या." चिठ्ठी क्वचितच असते. मी विचारतो, "वजन किती बाळाचं?" उत्तर येतं, "दीड वर्षाचा आहे."

साहेब, पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो. एका वेळी दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार तास, सहा असले तर उत्तम, आणि चोवीस तासांत चारदाच. म्हणजे दहा किलोच्या मुलाला एका वेळी फार तर 150 मिलिग्रॅम. इथवर हिशेब कुणालाही जमेल. पण माझ्या फळीवर याच औषधाच्या तीन तऱ्हेच्या बाटल्या आहेत. साध्या सिरपच्या 5 मिलीत 120 किंवा 125 मिलिग्रॅम, 'डीएस' म्हणजे दुप्पट ताकदीच्या सिरपच्या 5 मिलीत 250, आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीतच 100. त्याच दहा किलोच्या पोराला साधं सिरप 6 मिली लागेल, डीएस 3 मिली आणि ड्रॉप्स दीड मिली. लोकांना वाटतं, बाटली इवलीशी, बाळाची, म्हणजे औषध सौम्य. ते साध्या सिरपच्या चौपट कडक असतं. धाकटीचे ड्रॉप्स घरात पडलेले असतात, रात्री थोरल्याला ताप भरतो आणि त्याला त्यातलाच एक चमचा पाजला जातो. 5 मिली म्हणजे 500 मिलिग्रॅम, मोठ्या माणसाची अख्खी गोळी.

शिवाय चमचा म्हणजे कोणता? चहाचा, पोह्याचा की मिसळणाच्या डब्यातला? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्येच सांगितलं की मुलांचं पातळ औषध फक्त मिलीत लिहा आणि मिलीतच मोजा. तिथल्या कंपन्यांनी 2011 पासून लहान मुलांच्या पॅरासिटामॉलची ताकदही 5 मिलीला 160 मिलिग्रॅम अशी एकच करत आणली. आपल्याकडे झाकणावर बसवलेल्या प्लास्टिकच्या टोपीवर अडीच, पाच, साडेसात अशा रेघा असतात. तिच्यात दीड मिली मोजून दाखवावं कुणीतरी.

जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृतावर जातं, आणि पहिल्या दिवशी पोर जवळजवळ बरं दिसतं. उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर खरा उपयोगी. कुपोषित मुलाला धोका आणखी मोठा. त्यात सर्दीच्या सिरपमध्येही पुष्कळदा पॅरासिटामॉल असतंच, म्हणजे एकाच तापात तेच औषध दोन बाटल्यांतून जातं. दुसऱ्या टोकाला भीतीपोटी दोन-चार थेंब देणारेही आहेत. ताप उतरत नाही, मग "हे लागू पडत नाही, दुसरं कडक द्या" म्हणून आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड मागायला येतात. डेंग्यूच्या दिवसांत ही मागणी ऐकून माझ्या पोटात गोळा येतो, कारण त्या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

बाटलीवर काय छापलंय म्हणाल, तर बहुतेकांवर डोसापुढे बारीक इंग्रजीत एकच ओळ असते, डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार. आणि बाटली तर चिठ्ठीविना खपते! 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या विषारी औषधाने गेली, कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. तेव्हा बाटलीत काय भरलंय यावर देशभर बोललं गेलं, आणि ते बोलायलाच हवं होतं. चांगल्या बाटलीतलं किती पाजायचं, हा प्रश्न मात्र कुणी काढला नाही.

लेबलचे नियम दिल्लीचे आणि अन्न व औषध प्रशासन आपल्या खात्यात नाही, हे मी जाणतो. म्हणून आपल्या हातात आहे तेवढंच मागतो. सरकारी दवाखान्यांसाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण औषधं घेतं. लहान मुलांच्या पॅरासिटामॉलची एकच ताकद घ्यायची, प्रत्येक बाटलीसोबत बिनसुईची मापाची सिरिंज आणि वजनाप्रमाणे मिलीचा मराठी तक्ता द्यायचा, अशी अट निविदेत घालायला दिल्लीला विचारावं लागणार नाही. सरकारसारखं मोठं गिऱ्हाईक मागू लागलं की कंपन्याही बदलतात, हे धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

दुसरी मागणी बिनखर्चाची. अंगणवाडीत दर महिन्याला मुलाचं वजन होतं, माता-बाल संरक्षण कार्डावर त्याचा आलेख असतो. ज्या आकड्यावर डोस ठरतो तो आकडा घरातच आहे! त्याच पानावर किती किलोला किती मिली हे छापा. सेविका वजन लिहील तेव्हा त्या ओळीला गोल करील. लसीनंतरच्या तापासाठी कुठे कुठे अजून "पाव गोळी चुरून द्या" असं सांगतात, तेही त्याने थांबेल. 500 ची पाव गोळी म्हणजे 125 मिलिग्रॅम, आणि दीड महिन्याच्या चार किलोच्या बाळाला 60 च्या वर जाता येत नाही. आणि त्याच पानावर ठळक अक्षरांत एवढंही हवं, की लसीचा ताप वगळता तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध पाजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

तक्त्याचा मसुदा मी करून ठेवला आहे, एका पानाचा. आपल्या खात्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी तो तपासावा. पाठवण्याचा पत्ता आपल्या कार्यालयाने कळवावा, ही विनंती.

आपला,
सातारा जिल्ह्यातील एक औषधविक्रेता