नाना, ओढ्याकाठचं वावर विकू नका

प्लेनो, टेक्सास
14 एप्रिल 2025

तीर्थरूप नाना आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर दादा बोलून गेला, की ओढ्याकाठच्या वावराला गिऱ्हाईक आलंय आणि तुम्ही साठेखताची तारीख काढायला सांगितलीत. आमच्या चिऊला बर्कलेला, कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठात, शिकवण्यासाठी. मला रात्रभर झोप लागली नाही. फोनवर रडू फुटतं आणि सांगायचं राहून जातं, म्हणून हे पत्र. नाना, कशावरही सही करू नका. मग पुढचं वाचा.

तुम्ही विचारलंत, की विद्यापीठ सरकारी आणि पोरगी जन्माने अमेरिकेतलीच, तर तिला परकी का धरतात? इथली सरकारी विद्यापीठं त्या त्या राज्याची असतात. राज्यातल्या लोकांच्या करातून त्यांना पैसा मिळतो, म्हणून राज्यातल्या मुलांना फी कमी आणि बाहेरच्यांना दुप्पट-तिप्पट. तुम्ही हेडमास्तर असताना किती पोरांना डोमिसाइलसाठी तहसील कचेरीत घेऊन गेलात, पंधरा वर्षांचा रहिवास दाखवायला जुन्या हजेऱ्या उपसल्यात. माझ्याच वेळचं आठवा. इंजिनिअरिंगच्या 70 टक्के जागा त्या त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना, सातारा शिवाजी विद्यापीठात, म्हणून माझं पुणं थोडक्यात हुकलं आणि मी सांगलीला गेले. एसटी स्टँडवर तुम्ही माझी ट्रंक टपावर चढवलीत. इथंही तसंच आहे, फक्त जागेबरोबर पैशातही फरक पडतो.

आता तुम्ही म्हणाल, टेक्सासात राहता तर टेक्सासातच का नाही? पहिली इच्छा तीच होती. पण 1997 पासून इथं कायदा आहे, की शाळेत वरच्या दहा टक्क्यांत असलेल्या मुलाला राज्याच्या विद्यापीठात थेट प्रवेश. ऑस्टिनला, राज्याच्या मुख्य विद्यापीठात, इतकी गर्दी, की तिथं यंदा ही रेषा सहा टक्क्यांवर होती. खेड्यातल्या शाळेतल्या हुशार मुलाला यातून वाट मिळते आणि ते मला मनापासून पटतं. पण आमच्या भागातल्या शाळा म्हणजे शर्यतच. चिऊच्या वर्गात नऊशे मुलं, तिचा नंबर 111. शेकडा बारा! ऑगस्टमध्ये तो कागद हातात आला तेव्हा ती काही बोलली नाही, घडी घालून फिजिक्सच्या पुस्तकात ठेवून दिला. ऑस्टिनचा अर्ज तरी भरला, फेब्रुवारीत नकार आला.

त्यामुळे बाहेरच्या राज्यांचे अर्ज. तिला आर्किटेक्चर करायचंय हे तुम्हाला माहीत आहेच. तिच्या मैत्रिणीला नॉर्थ कॅरोलायनात चॅपल हिलच्या सरकारी विद्यापीठात जायचं होतं, तर तिथं 1986 पासून नव्या मुलांत बाहेरच्यांचं प्रमाण 18 टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. मिशिगनमध्ये उलट, बाहेरची मुलं निम्म्याच्या आसपास, पण नुसती फी यंदा 60,946 डॉलर, आणि तिथल्याच मुलाला 17,736. 2008 च्या मंदीनंतर राज्यांनी अनुदान कापलं आणि विद्यापीठांनी ती तूट बाहेरच्या मुलांच्या फीमधून भरून काढली. मग स्थानिक पालक ओरडले, की आमच्या पोरांच्या जागा गेल्या. कॅलिफोर्नियाने 2017 मध्ये बाहेरच्यांवर मर्यादा घातली. दोन्ही बाजूंचं दुःख मला कळतं, नाना. मी सांगलीला गेलेली मुलगी आहे.

कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाचा अर्ज वेगळाच, बर्कले हा त्याचाच एक कॅम्पस. आठ प्रश्नांतले चार निवडायचे, प्रत्येकाला साडेतीनशे शब्द, आणि एकेका कॅम्पसची फी 80 डॉलर. एका उत्तरात चिऊने तुमच्या वाईच्या वाड्याबद्दल लिहिलं, चौकात पावसाचं पाणी कसं उतरतं आणि दगडी पन्हळीतून बाहेर कसं जातं ते. मी वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

मार्चअखेर बर्कलेचा होकार आला. घरात नाच झाला, तुम्हाला फोन झाला. हिशेब मात्र नंतर केला. राज्यातल्या मुलाची फी सुमारे 15 हजार, त्यावर बाहेरच्या मुलाने वर्षाला आणखी 37,602 भरायचे, आणि या जादा रकमेसाठी विद्यापीठ गरजेनुसार मदत देत नाही. राहणं-खाणं धरून वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या वर. रुपयांत सत्तर लाख, आणि अशी चार वर्षं. ते वावर दोन वर्षांतच संपलं असतं.

इथल्या मंडळात एकाने सल्ला दिला, की एक वर्ष जादा फी भरा, मग पोरगी तिथली रहिवासी होईल. मिसूरी, युटासारख्या राज्यांत अटी पाळून तसं जमतं. बहुतेक ठिकाणी मूल आई-वडिलांवर अवलंबून असेल तर आई-वडील कुठे राहतात हेच बघतात, आणि शिकायला म्हणून काढलेली वर्षं रहिवासात धरत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका घराने या भरवशावर पोराला पाठवलं. दुसऱ्या वर्षीही अर्ज फेटाळला गेला आणि आता ते कर्जात आहेत.

आमचं ठरत आलंय ते आर्कान्सा, फेएटव्हिलचं विद्यापीठ. टेक्सासला लागूनच. शेजारच्या राज्यांतल्या चांगल्या गुणांच्या मुलांना ते स्थानिक आणि बाहेरच्या फीमधल्या फरकापैकी 70 ते 90 टक्के माफ करतात. चिऊला 90 मिळाले. फी साधारण बारा हजारांवर आली, वसतिगृह-जेवण धरून पंचवीस-सव्वीस हजार. तिच्या जन्मापासून आम्ही साठवलंय त्यात आणि आमच्या पगारात ते बसतं. गाडीने पाच तास, दिवाळीला घरी येईल.

गेल्या शनिवारी बघून आलो. तिथल्या आर्किटेक्चर स्कूलला आर्किटेक्ट फे जोन्स यांचं नाव आहे. त्यांनी 1980 मध्ये तासाभरावरच्या युरेका स्प्रिंग्जच्या रानात लाकूड आणि काचेचं एक चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, बांधलं. झाडं तोडावी लागू नयेत म्हणून दोन माणसांना रानातून उचलून नेता येईल त्याहून मोठा वासा वापरायचा नाही, असं ठरवून. आत उभं राहिलं की चारी बाजूंनी झाडंच दिसतात. चिऊ बाकावर बसली आणि अर्धा तास वर बघत राहिली. मग म्हणाली, "आई, नानांच्या माळ्यावरच्या तुळया पण दोघांनीच चढवल्या असतील का?" मला माहीत नव्हतं. तुम्हीच तिला सांगा.

1 मेच्या आत फेएटव्हिलला डिपॉझिट भरायचंय. त्याआधी दादाकडून त्या गिऱ्हाइकाला नकार गेल्याचं मला कळवा. यंदा वावरात घेवडा करणार होतात ना, तोच करा. आईच्या गुडघ्याचं तेल पार्सलमध्ये टाकलंय.

तुमची लेक