बाबा, तो पोरगा मोरोक्कोचा

सोलापूर,
रविवार, १८ डिसेंबर २०२२

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, पेपरात फोटो आलाय तो भर मैदानात आईबरोबर नाचणारा पोरगा कोण, आणि त्याच्या आईला तिथं आत सोडलं कुणी. मी सांगत होतो, पण तुम्हाला धड ऐकू जात नव्हतं. मग आईनं फोन घेतला आणि धारा काढायची वेळ झाली. म्हणून आज सुट्टीचं निवांत लिहायला बसलोय. गेला महिनाभर आमच्या कारखान्यात दुसरा विषयच नाही, त्यामुळं पत्र लांबेल.

तो सोफियान बूफाल. मोरोक्को देशाकडून फुटबॉल खेळतो. कतारला फुटबॉलचा वर्ल्ड कप चालू आहे, त्यात शनिवारी, १० तारखेला, त्यांनी पोर्तुगालला १-० असं हरवलं आणि सेमी फायनल गाठली. आफ्रिकेतला कुठलाच संघ आजवर तिथवर पोचला नव्हता. कॅमेरून १९९० साली, सेनेगल २००२ ला आणि घाना २०१० ला क्वार्टर फायनलपर्यंत आले आणि तिथंच थांबले. मॅच संपली तसा बूफालनं आईला मैदानात आणलं आणि दोघं हात धरून नाचले. त्या माउलीच्या चेहऱ्यावरचा आनंद तुम्ही फोटोत बघितलाच. मी तो हलताना बघितला, आणि आई, मला तुझीच आठवण आली.

आता सुरुवातीपासून सांगतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना तुम्ही बाहेरून बघितलाय. मागांच्या खडखडाटात शेजारचा काय बोलतो ते कळत नाही, म्हणून मालकांनी पॅकिंगच्या खोलीत टीव्ही लावू दिला. सुताच्या कोनांच्या पेट्या एकावर एक रचून त्यावर टीव्ही. बऱ्याच मोठ्या मॅच रात्री साडेआठच्या, म्हणजे रात्रपाळी लागल्या लागल्या. सगळ्यांना एकदम उठता येत नाही, मागावर कुणीतरी हवंच. मग पोरांनी आपापसात ठरवून घेतलं, पहिल्या हाफला तू माझे माग बघ, दुसऱ्याला मी तुझे बघतो. धागा तुटला की माग थांबतो आणि आवाजात खंड पडतो. तेवढा खंड ऐकून माणूस मॅच सोडून पळायचा, गाठ मारून परत यायचा, आणि दारातूनच विचारायचा, गोल झाला का?

सुरुवातीला मोरोक्कोकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आमच्याकडे दोन तट, एक अर्जेंटिनाच्या मेस्सीचा आणि एक पोर्तुगालच्या रोनाल्डोचा. आमचे जॉबर, म्हणजे मागांची देखरेख करणारे अण्णा मात्र पहिल्यापासून म्हणत होते, या पोरांवर नजर ठेवा. पहिली मॅच क्रोएशियाशी ०-० सुटली. क्रोएशिया म्हणजे गेल्या वेळचा उपविजेता, तरी पोरं म्हणाली, ही कसली मॅच, सगळे मागंच थांबतात. मग बेल्जियमला २-० नं हरवलं. बेल्जियम तेव्हा जागतिक क्रमवारीत दुसरा होता. त्या मॅचला त्यांचा पहिला गोलकीपर यासीन बूनू राष्ट्रगीताला उभा राहिला आणि खेळ सुरू व्हायच्या आत बाजूला झाला, त्याला बरं वाटत नव्हतं. बदली आलेल्यानं एक गोल होऊ दिला नाही. कॅनडाला २-१ हरवून ते गटात पहिले आले.

खरं भांडण पेटलं ते स्पेनच्या मॅचला. स्पेननं हजारांवर पास दिले, चेंडू बहुतेक वेळ त्यांच्याच पायात होता, आणि गोल मात्र एकही नाही. एकशे वीस मिनिटं खेळून ०-०. रोनाल्डोचा सात नंबरचा शर्ट घालून फिरणारा आमचा एक पोरगा आहे, तो चिडून म्हणाला, हे काय फुटबॉल आहे, नुसतं अडवतात. त्यावर अण्णा म्हणाले, "ताणा घट्ट असला ना, की बाणा कसाबी मारू दे, कापड फाटत नाही." ताणा म्हणजे कापडातले उभे धागे, बाणा आडवे. मला अण्णांचं पटलं, आजही पटतंय. अडवणं हे कमी प्रतीचं काम आहे असं जे बोलतात त्यांनी सोफियान अम्राबातला बघावं. मधल्या फळीतला माणूस, गोल करत नाही, फोटोत येत नाही. पण चेंडू ज्याच्याकडे जाणार तिथं हा आधीच पोचलेला. दमलेल्या पायांनी एकशे वीस मिनिटं ते करायचं, याला मी धाडस म्हणतो.

मग पेनल्टी लागल्या. म्हणजे दोन्हीकडच्या एकेकानं गोलकीपरसमोर येऊन चेंडू मारायचा. स्पेनचा पहिला फटका खांबाला लागला, पुढचे दोन्ही बूनूनं अडवले. स्पेनला तीनांतला एकही गोल करता आला नाही. मोरोक्कोचा शेवटचा फटका मारायला अश्रफ हकीमी आला. बाबा, हे नीट वाचा. हा हकीमी जन्मला माद्रिदला, स्पेनच्या राजधानीत. त्याची आई लोकांच्या घरी साफसफाईची कामं करायची, वडील रस्त्यावर माल विकायचे. स्पेनकडून खेळायला मिळालं असतं, तरी त्यानं आईबापांचा देश निवडला. आणि आता त्याच स्पेनसमोर चेंडू ठेवून उभा. सगळ्यांना वाटलं जोरात मारणार. त्यानं धावत येऊन चेंडू अलगद उचलला आणि मधोमध टाकला, गोलकीपर एका बाजूला झेपावलेला. आमच्या खोलीत असा गलका झाला की मालक ऑफिसातून पळत आले, त्यांना वाटलं कुणाचा हात मशीनमध्ये गेला.

पोर्तुगालच्या मॅचला तर शिलाई खात्यातल्या दोन मावशीही थांबल्या. त्या एरवी सहाला घरी जातात. मोरोक्कोच्या एन-नेसिरीनं उडी मारून गोलकीपरच्या हाताच्याही वरून डोक्यानं गोल केला तेव्हा मावशींनी कडाकडा बोटं मोडली. दुसऱ्या हाफमध्ये कॅप्टन साइस जखमी होऊन स्ट्रेचरवरून गेला, शेवटी एकाला लाल कार्ड मिळून दहाच जण राहिले, तरी टिकले. रोनाल्डो रडत आत गेला. आमचा सात नंबरवाला कोपऱ्यात गप्प बसला होता. मावशींनी त्याला काही न बोलता आपल्या डब्यातली शेंगापोळी दिली.

सेमी फायनल फ्रान्सशी, रात्री साडेबाराला. ती मी घरी आवाज बारीक करून बघितली. पाचव्या मिनिटाला गोल खाल्ला. तोवर पाच मॅचमध्ये समोरच्या कुठल्याच खेळाडूला त्यांच्यावर गोल करता आला नव्हता. कॅनडाविरुद्ध झाला तोही त्यांच्याच अगेर्दच्या पायाला लागून गेलेला. फ्रान्ससमोर अगेर्द ऐनवेळी खेळू शकला नाही, आणि साइसला दुखापत असून उतरवलं, तो एकविसाव्या मिनिटाला बाहेर आला. यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. अण्णा म्हणतात, ज्यानं इथवर आणलं त्या कॅप्टनला बाहेर बसवायचं कोणत्या तोंडानं? मला ते कळतं, पण माझ्या मते धडधाकट पोराला उतरवायला हवं होतं. ०-२ हरले. तरी हरताना जेवढा हल्ला त्यांनी केला तेवढा जिंकतानाही केला नव्हता. एल यामिकनं पाठमोरं उडी मारून मारलेला चेंडू खांबाला लागला. तो आत गेला असता तर काय, हा प्रश्न बुधवारपासून सगळे एकमेकांना विचारतायत. काल तिसऱ्या नंबरासाठी क्रोएशियाकडून १-२ हरले. दमले होते, दिसत होतं. चौथा नंबर.

आता बाबा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, त्याच्या आईला तिथं सोडलं कुणी. हेच मला खरं लिहायचं होतं.

त्यांचा कोच वालिद रेग्रागी. ऑगस्ट सरता सरता त्याच्याकडे संघ आला, वर्ल्ड कपला तीन महिनेही उरले नव्हते. आधीच्या कोचशी बिनसून हकीम झियेश संघ सोडून गेला होता, त्याला यानं परत आणलं. झियेश हॉलंडमध्ये जन्मला, लहानपणीच वडील गेले. त्या सव्वीस जणांतले चौदा जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले. बूफाल पॅरिसचा, बूनू कॅनडातला, अम्राबात हॉलंडचा. पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्यांची ही पोरं. रेग्रागी स्वतः फ्रान्समध्ये जन्मला. त्यानं आणि त्यांच्या फुटबॉल संघटनेनं काय केलं, तर खेळाडूंच्या घरच्यांना कतारला बोलावलं आणि संघाच्याच हॉटेलात उतरवलं. आया, बाप, बायका, लेकरं. आईबाप खूश नसतील तर आम्ही जिंकू शकणार नाही, असं तो उघड बोलला. बेल्जियमला हरवल्यावर हकीमी प्रेक्षकांत बसलेल्या आईकडे गेला आणि तिनं त्याचा मुका घेतला, तो फोटोही जगभर गेला. एवढ्या मोठ्या स्पर्धेत म्हाताऱ्या माणसांमुळं पोरांचं लक्ष उडेल असं कुणीही म्हटलं असतं. यानं उलट धरलं आणि निकाल समोर आहे.

रेग्रागीच्या आईबद्दल वाचलं आणि मला पुढं वाचवेना. ती बाई पन्नासेक वर्षं फ्रान्समध्ये आहे. मुलगा खेळाडू होता तेव्हा आणि कोच झाला तेव्हाही त्याच्या खेळासाठी ती कधी कुठं गेली नव्हती. स्पर्धेसाठी पॅरिस सोडून बाहेर पडायची तिची ही पहिलीच वेळ.

आमच्या मागावरचे चाचा हे ऐकून म्हणाले, "माँ को साथ लेको आए ना बच्चे, इसलिए जीते." काही जण म्हणाले, आपण मोरोक्कोच्या बाजूनं का, ते कोण आपले? चाचा त्यावर बोलले नाहीत. अण्णा बोलले. त्यांचे आजोबा तेलंगणातून सोलापूरला मागावर आले. ते म्हणाले, घर सोडून दुसऱ्याच्या गावात कष्ट काढलेल्यांची पोरं आहेत, आणखी नातं कसलं पाहिजे?

बाबा, मला तुम्ही शिकायला सोलापुरात ठेवलं तेव्हा रोजचा डबा मंगळवेढ्याच्या एसटीनं यायचा. आई पहाटे चार वाजता उठून भाकरी थापायची, तुम्ही सायकलवर फाट्यापर्यंत येऊन कंडक्टरच्या हातात डबा द्यायचा, आणि मी स्टँडवर तो उतरवून घ्यायचो. फडक्याची गाठ तुम्ही मारायचात की आईनं मारली ते मला गाठीवरून कळायचं. आईची सैल असायची, तुमची दातांनी सोडवावी लागायची. डबा चुकला असा दिवस मला आठवत नाही. त्या डब्यावर मी बी.कॉम. झालो. आणि मी जिथं बसून हिशेब लिहितो ते टेबल तुम्ही दोघांनी अजून बघितलेलं नाही. माझ्या घरी तुम्ही येता ते सकाळी, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. रान आहे, जनावरं आहेत, मला सगळं समजतं. तरी मला हे आता पुरे वाटतंय.

तर मी ठरवलंय ते सांगतो. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आहे. करोनामुळं दोन वर्षं ती अशी भरली नाही, यंदा मोठी होणार. तुम्ही दोघांनी आठवडाभर आधी यायचं आणि सगळी यात्रा होईपर्यंत राहायचं. आईला नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा बघायचाय हे ती माझ्या लहानपणापासून म्हणते. अक्षता पडतात त्या संमती कट्ट्याजवळ गर्दी होते, म्हणून अण्णांच्या ओळखीनं आधीच जागा धरून ठेवतो, बसायला खुर्चीही नेऊ. होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम बाबांना ऐकू नाही आलं तरी दिसेल. आणि एक दिवस दोघांनी कारखान्यात यायचं. मी मालकांना विचारलंय, ते हो म्हणाले. शिलाईच्या मावशी आईला भेटायला आत्तापासून थांबल्यात.

जनावरांचं धाकट्या चुलत्यांशी बोललोय. त्यांचा मुलगा दोन्ही वेळच्या धारा काढेल आणि दूध डेअरीला घालेल. ज्वारी काढणीला अजून अवकाश आहे, पाखरं राखायला तो आणि त्याचा मित्र जाणार आहेत. त्यांची मजुरी मी देईन, बाबांनी त्यात पडायचं नाही. त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांची वेळही घेतलीय. मशीन लागेल असं त्यांचं म्हणणं दिसतं, बघूनच ठरवू.

आज रात्री फायनल, अर्जेंटिना आणि फ्रान्स. आमचा सात नंबरवाला फ्रान्सकडं गेलाय, मेस्सीला जिंकलेलं त्याला बघवणार नाही. मी अर्जेंटिनाकडून. मेस्सीचं वय झालं, पस्तिशी आली, आज नाही तर कधी? अण्णा कुणाकडूनच नाहीत. ते म्हणतात, माझा वर्ल्ड कप बुधवारी संपला.

तुमची सून नमस्कार सांगते. नातवानं हकीमीचं चित्र काढलंय, ते सोबत जोडतोय, लाल शर्टवर हिरवी चांदणी आहे ती त्यांच्या झेंड्यावरची. आई, पायाला तेल लावत जा, आणि थंडी आहे तोवर पहाटे गोठ्यात उघड्या डोक्यानं जाऊ नकोस. बाबा, उत्तर तुम्हीच लिहा, फोनवर हो म्हणून मग आईला पुढं करू नका. कोणत्या गाडीनं येणार तेही लिहा. नाहीतर मीच गाडी करून न्यायला येतो.

तुमचा,
दादा

ता. क. येताना पीठ आणू नका, इथं गिरणी दाराशी आहे. हुरडा मात्र आणा, अण्णांना आणि चाचांना कबूल केलाय.