चित्र आधी पाहू द्या, बोध मागून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळांतील चित्रकलेच्या तासाविषयी आपल्या पत्रसदरात सध्या वाचक लिहीत आहेत. तास कमी झाले, कलाशिक्षक पुरेसे नाहीत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुले दहावीच्या वाढीव गुणांवर डोळा ठेवून बसतात, हे सगळे खरेच आहे. पण ही चर्चा मुलांनी चित्र काढण्याची झाली. दुसऱ्याने काढलेले चित्र पाहायचे कसे, हे त्यांना कोण शिकवणार? माझे म्हणणे असे की हे काम घरात होऊ शकते, त्यासाठी कोणाच्या नेमणुकीची वाट बघावी लागत नाही, आणि आम्हा ख्रिस्ती आईबापांनी तर ते अंगावर घ्यायलाच हवे.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींच्या डिझाइनचे काम करतो. वडीलही तेच करत. त्यांच्या काळी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन ब्रशने रंगवून मोर, वेल, कमळ जेकॉर्ड मागासाठी, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागासाठी, उतरवावे लागे. चौकोन चुकला की मोराची मान वाकडी. रंगाकडे निरखून बघण्याची सवय मला त्यांच्याकडून लागली. श्रद्धाही त्यांच्याकडूनच आली, मराठी मिशनच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली. आमच्याकडे गाण्याला कधी तोटा नव्हता. पेटी, तबला, टाळ, भजन, कीर्तन, सगळे आहे. चित्राच्या बाबतीत मात्र हात आखडता. नाताळात मिळालेले कॅलेंडर भिंतीवर लागते, त्यावर एक वचन असते, झाले. याहून पुढे काही म्हटले की वडीलधारी माणसे बायबलच्या दहा आज्ञांतल्या दुसरीकडे, मूर्ती करून पुजू नको या आज्ञेकडे, बोट दाखवतात.

ती आज्ञा मीही मानतो. पण ती बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे आणि पुस्तक तिथे संपत नाही. एकतिसाव्या अध्यायात देव बसालेल नावाच्या कारागिराला नाव घेऊन बोलावतो आणि आपल्या आत्म्याने भरतो. कशासाठी? तर सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांत कारागिरी करण्यासाठी. पस्तिसाव्या अध्यायाच्या शेवटी वेलबुट्टी काढणारे आणि विणकरही येतात. विणकरांच्या या शहरात ते वचन व्यासपीठावरून वरचेवर ऐकू यायला हवे. अठ्ठाविसाव्या अध्यायात याजकाच्या झग्याच्या घेराला निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताची डाळिंबे लावायला सांगितले आहे. ते वाचताना माझा धाकटा मुलगा म्हणाला, "पप्पा, निळं डाळिंब कुठं असतंय?" सांगोल्याकडची डाळिंबे खाऊन वाढलेले पोर, त्याला प्रश्न पडणारच. झाडाला असे फळ कधी लागत नाही, तरी देवाने ते करायला सांगितले. कारागिराच्या कल्पनेला एवढी मोकळीक पवित्र शास्त्रातच आहे. चर्चमधल्या प्रतिमांना ठाम विरोध करणाऱ्या कॅल्विन या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकानेही चित्रकला आणि शिल्पकला या देवाच्या देणग्या आहेत, असेच लिहून ठेवले. पूजणे वेगळे आणि पाहणे वेगळे, हा फरक लहान मुलांनासुद्धा कळतो.

आमची पद्धत साधी आहे आणि ती माझी नाही. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लंडमधल्या ख्रिस्ती शिक्षणतज्ज्ञ बाईंनी ती घालून दिली. एका सत्रात एकच चित्रकार घ्यायचा, त्याची साधारण सहा चित्रे. मुलाने चित्र निवांत पाहायचे, मग ते पालथे घालायचे आणि मुलाने काय काय दिसले ते आपल्या शब्दांत सांगायचे. मोठ्यांनी मध्ये बोलायचे नाही. रविवारी उपासनेहून आल्यावर जेवणाआधी आमचे हे चालते. फोनवर मी चित्र दाखवत नाही, कारण फोनवर बोट पुढे सरकतेच. अॅमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ही संग्रहालये स्वतःच्या संग्रहातल्या कितीतरी जुन्या चित्रांच्या मोठ्या फाइली फुकट देतात. डिजिटल प्रिंटवाल्याकडे त्या जाड कागदावर छापून मिळतात. चित्र मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावावे, आपल्या नव्हे.

रेम्ब्रांट या डच चित्रकाराचे 'उधळ्या पुत्राचे परत येणे' आमच्याकडे बरेच दिवस भिंतीवर होते. मूळ चित्र १६६८ च्या सुमाराचे, म्हणजे चित्रकाराच्या अगदी अखेरच्या काळातले. आता ते रशियात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. उंची अडीच मीटरहून जास्त, म्हणजे आमच्या दारातून ते आत येणार नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला, आपली वाटणी उधळून घरी परतलेल्या धाकट्या मुलाचा आणि त्याला जवळ घेणाऱ्या बापाचा हा दाखला शब्बाथशाळेतल्या (रविवारच्या धर्मवर्गातल्या) प्रत्येक मुलाला पाठ असतो, आणि पाठ असल्यामुळेच ती चित्राकडे पाहत नाहीत. मी कथेचे नाव काढले नाही. माझी मुलगी आधी चित्रातल्या पायांशी गेली. चित्रातला मुलगा गुडघे टेकून पाठमोरा बसलाय, एका पायातली चप्पल निसटलीय, दुसऱ्या पायातली इतकी झिजलीय की टाच उघडी पडलीय. डोके भादरलेले. कपड्यांच्या चिंध्या, पण कमरेला अजून छोटी कट्यार आहे. "सगळं विकलं, ही का नाही विकली?" असे तिने विचारले. याचे उत्तर मी दिले नाही, कारण त्यावर विचार करायचा तिचा हक्क होता. धाकट्याचे लक्ष बापाच्या हातांवर गेले. पोराच्या पाठीवरचे ते दोन हात एकसारखे नाहीत. एक रुंद, दणकट, दुसरा मऊ, बोटे जुळवलेला. "एक पप्पाचा, एक मम्मीचा," तो म्हणाला. पुष्कळ जाणकारांनी हेच लिहिले आहे, पण ते त्याला कोणी सांगितले नव्हते.

मग उजव्या बाजूला उभा असलेला उंच माणूस. लाल झगा, हातात काठी, हात एकमेकांवर ठेवलेले, चेहऱ्यावर उजेड, पण पाऊल पुढे नाही. तो थोरला भाऊ असावा हे मुलीच्या उशिरा लक्षात आले आणि ती गप्प झाली. घरात थोरली तीच आहे. "तो आत जेवायला जातो का?" तिने विचारले. त्या दिवशी आम्ही लूक उघडून दाखला शेवटपर्यंत वाचला. थोरला रुसून मेजवानीच्या बाहेरच थांबतो, बाप त्याची समजूत घालतो, पण तो आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेलेच नाही. इतक्या वर्षांच्या पाठांतरात ही जागा तिला दिसली नव्हती, चित्राने ती दाखवली.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की चित्रातून लगेच बोध काढायची घाई करू नका. आम्हा ख्रिस्ती लोकांना ही सवय फार आहे. चित्र दाखवले की, "यावरून आपण काय शिकलो?" बिचाऱ्या मुलांना उत्तर माहीत असते, ती ते देतात आणि मोकळी होतात. रानातली भूकमळे कशी वाढतात ते लक्षात आणा, असे प्रभू म्हणाला, म्हणजे आधी त्याने फुलांकडे पाहायला लावले.

भयंकर चित्रांचे काय, असे आमच्या मंडळीतल्या एका बहिणीने विचारले. ग्रुनेवाल्ड या जर्मन चित्रकाराचे इसेनहाइमच्या मठातले वधस्तंभाचे चित्र (१५१२–१६) मीही मुलांना लहानपणी दाखवले नाही. त्यात ख्रिस्ताच्या अंगभर जखमा आहेत, कातडी हिरवट पडलीय, बोटे ताणून वाकडी झालीत. मुलगी आठवीत गेल्यावर दाखवले आणि आधी ते कुठे टांगलेले होते ते सांगितले. ज्या मठाच्या रुग्णालयात 'संत अँथनीच्या आगी'ने अंग जळणारे, हातपाय सडणारे रोगी येत, तिथले ते चित्र. हा रोग राय नावाच्या धान्यावरच्या बुरशीने होई. आपल्या बाजरीवर अरगट पडतो ना, त्याच जातीची बुरशी. त्या रोग्यांना आपल्यासारख्याच अंगाचा तारणारा समोर दिसत होता. हे कळल्यावर मुलगी त्या चित्राला घाबरली नाही, बराच वेळ बघत राहिली.

आणि कॅलेंडरवरचा तो गोरा, तपकिरी केसांचा येशू. मुलांना तेवढाच माहीत असतो. त्यांना अँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) दाखवा. हा गोव्याचा चित्रकार शांतिनिकेतनात शिकला, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला आणि येशूच्या आईला, मरियेला, त्याने सावळी, साडी नेसलेली अशी रंगवली. गोव्यात काही धर्मगुरूंना ते रुचले नाही. आमच्या मुलांना ती मरिया अगदी शेजारच्या काकूंसारखी वाटली. बंगालचे चित्रकार जामिनी रॉय ख्रिस्ती नव्हते, पण बंगालच्या लोकचित्रांच्या रेषेत त्यांनी काढलेला मोठ्या डोळ्यांचा ख्रिस्तही असाच जवळचा वाटतो.

चित्रे बायबलचीच हवीत असेही नाही. आपल्या पंढरपूरला १९१५ साली जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेनांची मदर तेरेसांवरची चित्रे पाहा. त्यांत चेहराच नाही, फक्त पांढरी साडी आणि निळी किनार. किनारीवरून माणूस ओळखू येतो, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला तर फारच भिडते. हुसेन तान्हे असतानाच त्यांची आई गेली होती. एवढे सांगितल्यावर, चेहरा का नसेल यावर मुले स्वतःच बोलू लागतात. सुट्टीत एखादा दिवस काढून सातारा जिल्ह्यातल्या औंधला जावे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची अस्सल चित्रे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई आणि मुलाचे शिल्पही आहे. छापील कागद आणि खरा रंग यांतला फरक मुलांना तिथे एका भेटीत कळतो.

आपल्याला माझी एक सूचना आहे. रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर दर आठवड्याला एक चांगले चित्र मोठे छापावे. खाली चित्रकाराचे नाव, साल आणि ते कुठे आहे एवढेच द्यावे. अर्थ किंवा प्रश्न देऊ नयेत. पुढच्या रविवारी मुलांनी त्यात काय पाहिले ते त्यांच्याच शब्दांत छापावे. शहरातल्या मंडळ्यांच्या पाळकसाहेबांनाही विनंती आहे की शब्बाथशाळेच्या खोलीत एका भिंतीवर चित्रासाठी जागा ठेवावी. पहिल्या काही महिन्यांच्या प्रिंट मी स्वखर्चाने आणून देईन.

आपला विश्वासू,
एक पालक, सोलापूर