दगडी घराला हात लावण्यापूर्वी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

शेतावरच्या त्या जुन्या दगडी घराची छायाचित्रे मिळाली. बाहेरच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरून घेण्याचा तुझा बेत मात्र तूर्त रहित कर.

अशा भिंतीत बहुधा आत-बाहेर दगडांचे दोन थर असतात, मधल्या पोकळीत कपच्या आणि चुना-मातीची भर असते, आणि काही लांब दगड आरपार घालून दोन्ही थर एकमेकांना बांधलेले असतात. तिच्यात ओल शिरायचीच. जुन्या गवंड्यांनी ती बाहेर पडण्याची वाट ठेवली होती आणि ती वाट म्हणजे चुन्याच्या दरजा. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजून, पाण्यात विरवून केलेला चुना भिंतीत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा चुनखडीच होत जातो, तरीही दगडाहून मऊ राहतो आणि ओल बाहेर सोडतो. सिमेंटची दरज ओल अडवते. मग ती दगडातूनच सुकते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साठतात आणि ढलप्या सुटू लागतात. नोकरीत असताना मी स्वतः एका भिंतीवर हा उद्योग केला होता. काही वर्षांनी दरजा मधाच्या पोळ्याच्या कडांसारख्या पुढे उभ्या होत्या आणि दगड मागे झिजत गेला होता. त्याची लाज अजून वाटते.

लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये घेतले, तेव्हा तुझ्या भिंतीत जिथे ते दिसेल तिथली भर त्यानंतरचीच समज.

घराचे वय ठरवताना तुळयांवर एकदम विश्वास ठेवू नकोस. झाडाच्या वाढीच्या वलयांवरून लाकूड कोणत्या वर्षी तोडले हे कळू शकते, पण तुळईत कशाचाही संबंध नसलेली रिकामी खाच दिसली तर ती आधी दुसऱ्या कुठल्यातरी छपराखाली होती असे धर. त्यापेक्षा भिंतीत वरपासून खालपर्यंत सरळ उतरणारी दरज शोध. तिथे घर एकदा संपले होते आणि पुढचा भाग नंतर जोडला गेला. बुजवलेल्या खिडक्याही मोज. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता, म्हणून तिथे कित्येकांनी उजेडच बुजवून टाकला. अर्थात प्रत्येक बुजलेल्या खिडकीमागे करच असतो असे नाही.

जमिनीचा उतारही पाहा. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या लांबट दगडी घरांत माणसे वरच्या अंगाला आणि गुरे खालच्या अंगाला एकाच छपराखाली राहत, म्हणजे गोठ्याचे पाणी परस्पर खालून बाहेर वाहून जाई. तुझ्या घराच्या एका टोकाला फरशीत मधोमध पन्हळ सापडली, तर तो भाग कोठार नसून गोठा असावा.

जुन्या दरजेतला मूठभर चुना कोरड्या डबीत जपून ठेव. त्यातल्या वाळूचा रंग आणि जाडी पाहूनच नवे मिश्रण ठरवू. मी येईपर्यंत गवंड्याला थांबव.

तुझे बाबा