खाणीतली आई

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

गणपतीत आली होतीस तेव्हा टीव्हीवर 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानाची जुनी अमेरिकन मालिका शोधून दिलीस ना, ती आता रोज रात्री एक भाग अशी बघतेय. १९६६ ते १९६९ या तीन वर्षांतले ७९ भाग. आम्ही ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर, रविवारी सकाळी पाहायचो. वाड्यात मालकांकडे टीव्ही होता, तोही कृष्णधवल. त्यामुळे यानाच्या कॅप्टन कर्कचा शर्ट पिवळा, त्याचा परग्रहावरचा मित्र स्पॉकचा निळा आणि त्यांच्याच यानातल्या उहुराचा लाल, हे मला पन्नाशी उलटल्यावर आत्ता कळतंय.

काल 'द डेव्हिल इन द डार्क' पाहिला. १९६७ चा भाग. हा मला तेव्हाचा नीट आठवतो, कारण त्या दिवशी मी आजीच्या पदराआड तोंड लपवून बसले होते. दूरच्या एका ग्रहावर खाण असते. तिथल्या कामगारांना कुणीतरी अंधारात जाळून मारत असतं. कर्क आणि स्पॉक शोधायला जातात, तर तो प्राणी दगडाचाच निघतो. नाव होर्टा. आम्लाने खडक वितळवत, आपण पाण्यातून जावं तसा तो खडकातून जातो.

खाणीत कामगारांना सिलिकॉनचे गुळगुळीत गोळे सापडलेले असतात. हजारो गोळे त्यांनी फोडून टाकलेले. साहेबाच्या टेबलावर एक शोभेला ठेवलेला. तेवढ्यात आजी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अगं, अंडी असतील ती तिची. घरट्याजवळ गेलं तर कावळीणसुद्धा डोक्यात टोचते." आजीला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, आणि कॅप्टनला अजून काही कळलेलं नव्हतं!

आजीचं खरंच निघालं. पन्नास हजार वर्षांनी एकदा त्यांची सगळी जमात मरते, मागे एकच आई उरते आणि पुढच्या साऱ्या पिलांना तीच सांभाळते. स्पॉक तिच्या अंगावर हात ठेवून तिच्या मनात शिरतो आणि वेदनेने ओरडतो. लहानपणी मला ती किंकाळी राक्षसाची वाटली होती. काल रडू आलं. आणि एक लक्षात आलं, या अख्ख्या भागात एकही बाई बोलत नाही. बोलते ती एवढी एक आई, तीही स्पॉकच्या तोंडून.

मला सगळ्यात आवडलं ते त्याच्या आधीचं. सुरुवातीला कर्क म्हणतो, दिसताक्षणी मारा. स्पॉक म्हणतो, जिवंत पकडू. मग कर्क बोगद्यात एकटा तिच्यासमोर सापडतो, तेव्हा तोच स्पॉक घाबऱ्या आवाजात सांगतो, मारून टाका तिला. आणि कर्क मारत नाही. हत्यार रोखून, पण न चालवता, तो तिच्यासमोर बसून राहतो. ती काय करते ते बघत. मित्राच्या जिवाची भीती वाटली की स्पॉकसारख्या शांत माणसाचाही विचार सुटतो, हे लिहिणाऱ्याने फार खरं लिहिलंय.

याच भागाचं चित्रीकरण चालू असताना कर्कचं काम करणाऱ्या विल्यम शॅटनरला वडील गेल्याची बातमी आली. तरी हातातलं दृश्य पुरं करून मगच तो निघाला. हे वाचल्यापासून त्याचा चेहरा मला वेगळाच दिसतो.

सोनू, जूनमध्ये तू नोकरी सोडतेय म्हणालीस आणि मी फोनवर तुझ्यावर तुटून पडले. माझी भीती खरी होती गं. तुझी काळजी वाटली म्हणूनच आवाज चढला. पण का सोडतेस, हे मी तुला त्या दिवशीही विचारलं नाही आणि नंतरही नाही. गणपतीतही आपण दोघी मोदकांवर बोललो, पाहुण्यांवर बोललो, ते तेवढं टाळलं. आजी असती तर पहिल्या मिनिटाला तुला जवळ घेऊन विचारलं असतं.

रविवारी सकाळी मी मोकळी असते. फोन कर आणि पहिल्यापासून सांग. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
आई