भरल्या ताटावरून पिल्लाला उठवू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोठ्या जातीचे कुत्रे पाळणाऱ्यांसाठी आलेल्या लेखात असा सल्ला वाचला की, पिल्लू जेवत असताना अधूनमधून त्याचे भांडे उचलून घ्यावे, अन्नात हात घालून ढवळावे, म्हणजे घरात मालक कोण हे त्याला लहानपणीच कळते. हा सल्ला जुना आहे, चांगल्या हेतूने दिला जातो आणि मी तो तंतोतंत पाळलेला आहे. त्यामुळेच हे पत्र लिहीत आहे.

चार वर्षांपूर्वी आम्ही नऊ आठवड्यांचे जर्मन शेफर्डचे पिल्लू घरी आणले आणि पहिल्या दिवसापासून मी हा प्रयोग सुरू केला. सुरुवातीला ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राही. पुढच्या आठवड्यात माझी चाहूल लागताच ते भराभर गिळू लागले, तेव्हा भूक चांगली आहे म्हणून आम्ही खूश झालो. मग एका संध्याकाळी, शहाबादी फरशीवर सरकत जाणाऱ्या त्याच्या स्टीलच्या वाडग्याकडे मी दोन पावले टाकली, तोच त्याचे खाणे थांबले. तोंड अन्नातच, मान ताठ, शेपटी स्थिर आणि माझ्याकडे तिरका रोखलेला डोळा, त्याची पांढरी कड दिसत असलेला. मी हात पुढे केला, ते गुरगुरले आणि मी त्याला चापट मारली. त्यानंतर ते गुरगुरले नाही, याचा मला अभिमानही वाटला. तीन आठवड्यांनी त्याने काहीही इशारा न देता माझ्या मनगटाचा चावा घेतला. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि लशीसाठी दवाखाना गाठला.

आमच्या पशुवैद्यांनी तेव्हा जे समजावले, ते मला आधीच समजायला हवे होते. मोठ्या जातीच्या कुत्रीला एका वेताला आठ-दहा पिल्ले सहज होतात आणि पुष्कळ ठिकाणी ती सगळी एकाच परातीत खातात. जो घाई करील त्याचेच पोट भरते. ही धास्ती घेऊनच पिल्लू आपल्या घरी येते आणि आपण भांडे ओढून ती खरी ठरवतो. गुरगुरणे हा त्याचा इशारा असतो. तो मारून बंद पाडला, तरी आतली भीती आहे तिथेच राहते. माणसाला भरल्या ताटावरून उठवणे आपण पाप समजतो, आणि पिल्लाच्या बाबतीत त्यालाच शिस्त म्हणतो. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी श्वानपालकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या घरांत जेवताना भांडे काढून घेतले जात होते, तिथे कुत्र्यांचे अन्नावरून आक्रमक होणे अधिक आढळले आणि जिथे भांड्यात चवदार तुकडे घातले जात होते तिथे ते कमी आढळले.

उपाय याच दिशेचा आहे. पिल्लाच्या वाडग्याजवळ रिकाम्या हाताने जायचे नाही. ते जेवत असताना चार पावलांवरून उकडलेल्या कोंबडीचा किंवा पनीरचा तुकडा वाडग्याच्या दिशेने टाकावा आणि लगेच मागे फिरावे. काही दिवसांनी आपल्याला पाहून ते शेपटी हलवत मान वर करू लागले, की एक पाऊल जवळ जावे. ते ताठरले तर पुन्हा मागे यावे. हे रोज प्रत्येक घासाला करायचे नसते, एरवी त्याला निवांत जेवू द्यावे आणि वाडगा रिकामा झाल्यावरच उचलावा. हे जादा तुकडे दिवसाच्या मापातून वजा करायला मात्र विसरू नये, कारण मोठ्या जातीच्या पिल्लाचे वजन झपाट्याने वाढले तर खुब्याच्या सांध्यांवर ताण येतो. पळवलेल्या चपलेच्या बाबतीतही हाच न्याय लावावा. मागे धावलात की त्या चपलेची किंमत वाढते. त्यापेक्षा खाऊ पुढे करून अदलाबदल करावी. रविवारच्या मटणाची शिजलेली हाडे तर देऊच नयेत. भांडणाचे ते मोठे कारण असतेच, शिवाय त्यांच्या अणकुचीदार चिरफळ्या होऊन आतड्याला इजा होते.

पॉमेरेनियन वाडग्यावर गुरगुरला तर घरातले हसतात आणि त्याचा व्हिडिओ काढतात. पस्तीस किलोचा जर्मन शेफर्ड तसे करू लागला, की त्याला साखळी लागते, नाही तर 'शेतावर' पाठवले जाते. जेवत्या कुत्र्याजवळ लहान मुलांना, पिल्लू कितीही गुणी असले तरी, एकटे सोडू नये. ज्यांचे मोठे कुत्रे आधीच दात विचकते किंवा चावले आहे, त्यांनी वरील प्रयोग स्वतः न करता पशुवैद्यांचा किंवा मारझोड न करणाऱ्या प्रशिक्षकाचा सल्ला घ्यावा.

आमच्या कुत्र्याला सावरायला जवळजवळ आठ महिने लागले. आजही त्याच्या वाडग्याजवळून जाताना माझी आई सवयीने पोळीचा तुकडा टाकते, आणि मी जवळ गेलो की ते क्षणभर खायचे थांबते. अनेक वाचक अशा लेखांची कात्रणे जपून ठेवतात. तेव्हा तो सल्ला मागे घेणारी दुरुस्ती आपण त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावी, ही विनंती.

आपला,
एक श्वानपालक, सातारा